ओढ्याकाठची खुंटी

फोन त्याच्याच नंबरवरून आला होता. पडद्यावर ‘सुभेदार’ असं नाव उमटलं आणि मी नेहमीप्रमाणे हॅलोबिलो न म्हणता थेट सुरुवात केली, ‘‘बोला, आज कुणाची भिंत पाडली?’’ पलीकडून आवाज नाही. त्यांच्या मळ्यात रेंजचं असंच असतं, म्हणून मी जरा मोठ्यानं विचारलं, आरं बोल की, ओढ्यात हुबा हायस का काय. तरी काही नाही. मग मालनवहिनींचा आवाज आला. अगदी हळू, शेजारी कुणीतरी झोपलेलं असावं तसा. ‘‘भावजी... ह्ये गेले.’’ आणि माझ्यासारख्या साठी उलटलेल्या माणसानं त्यांना विचारलं, ‘‘कुठं?’’

इतके आठवडे झाले तरी माझा तो शब्द माझ्याच कानातून जात नाही. वहिनी बिचाऱ्या त्यालाही उत्तर देत बसल्या. चहा घेत होते, बशीत ओतायला म्हणून वाकले ते वाकलेच, कप सांडला म्हणून मी ओरडले तर उठेचनात... असं त्या सांगत होत्या आणि मी कराडजवळ मलकापूरच्या माझ्या साइटवर वाळूच्या ढिगाशेजारी उभा राहून ‘बरं, बरं’ म्हणत होतो. फोन ठेवल्यावर मी गवंड्याला सळ्यांबद्दल काहीतरी सूचनाही केली म्हणे. मला ते आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की मी परत त्याच नंबरला फोन लावला. सर्जेराव उचलेल आणि एक सणसणीत शिवी हासडेल, अशी माझी खात्री होती. फोन वाजत राहिला आणि बंद झाला.

त्याच आठवड्यात तो माझ्याकडे येऊन गेला होता हो. डोळे तपासायला कराडला आला होता, चष्म्याचा नंबर वाढला नाही म्हणून स्वारी खुशीत होती. माझ्या नव्या इमारतीचे कठडे नसलेले जिने तो माझ्या पुढे चढून गेला. मला धाप लागलेली, तो आरामात गच्चीच्या कडेला उभा. येणारेजाणारे तिथून आगाशिवाचा डोंगर बघतात. यानं खाली वाकून गटार कुठं वळतं ते बघितलं. ‘पाणी कुठनं जाणार हाय ह्ये?’ हा त्याचा ठरलेला प्रश्न. कुणाच्याही घरी गेला तरी देवघर, स्वयंपाकघर बघायच्या आधी हेच विचारायचा. मी वैतागून सांगितलं, की नकाशा मंजूर झालाय, तुझ्या सहीची गरज नाही. तो हसला, आमच्या हिच्या हातची वांग्याची भाजी आणि भाकरी चवीनं जेवला, आणि थांब म्हटलं तर थांबेना. मिरग जवळ आलाय, खुंट्या तासायच्या राहिल्यात, म्हणाला. एसटी सुटताना खिडकीतून हात बाहेर काढून त्यानं कंडक्टरचं बोलणंही खाल्लं. असा माणूस चहा ओतता ओतता जातो, हे मला कुणी तरी समजावून सांगावं.

या खुंट्यांचं सांगितल्याशिवाय सर्जेराव कळायचा नाही, म्हणून जरा मागं जातो.

आमचं गाव कुंडलपासून फार लांब नाही. आम्ही दोघं एका वर्गात, एका बाकावर. दहावीनंतर तो भरतीला गेला, इंजिनिअर्सच्या पलटणीत लागला आणि देशभर पूल बांधत फिरला. मी डिप्लोमा करून ठेकेदार झालो. सुट्टीवर आला की म्हणायचा, तू माणसांना घरात बसवतोस, मी पाण्यावरनं पलीकडं न्हेतो, मोठा कोण? त्याचं हे बोलणं मी आयुष्यभर ऐकून घेतलं. सुभेदार होऊन तो कायमचा गावी आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा बंगला बांधणार. मी तर मनातल्या मनात त्याचा प्लॅनही काढून ठेवला होता. त्यानं बांधलं काहीच नाही. त्यानं पहिलं काम केलं ते बापाचा बांध फोडायचं.

गावाच्या कडेनं म्हसोबाचा ओढा जातो. वर्षातले बरेच महिने तो कोरडा असतो, पोरं त्यात क्रिकेट खेळतात, ट्रॅक्टर जातात. नव्या माणसाला तो रस्ताच वाटेल. आणि गोम तिथंच आहे. कोरडा ओढा म्हणजे पाण्याची वाट आहे हे आपण विसरतो आणि आपल्याला तिथं फुकटची जागा दिसायला लागते. सर्जेरावच्या वडिलांनाही तशी ती दिसली होती. त्यांनी मातीचा लांब बांध घालून ओढा पलीकडं रेटला आणि मोकळ्या झालेल्या जागेत ऊस लावला. ओढ्यानं मग पलीकडचा काठ खायला सुरुवात केली. पलीकडं पायगोंडाअण्णांचं शेत होतं. अण्णा म्हणजे आमच्या गावातले जैन शेतकरी, मुंगीलाही वाट देणारा माणूस. त्यांची अर्धी पट्टी ओढ्यात गेली, मग विहिरीचा काठ ढासळला. अण्णा कुठं तक्रार करायला गेले नाहीत. दोन्ही घरांनी एकमेकांना लग्नाची आवतणं देणं तेवढं बंद केलं, आणि आमच्याकडं ते कोर्टकचेरीपेक्षा वाईट असतं.

वडील तोवर वारले होते. सर्जेरावनं पेन्शनीवर आल्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात जेसीबी आणला, उभ्या उसातून घातला आणि बांध फोडून ओढ्याला त्याची जुनी जागा देऊन टाकली. मालनवहिनी शेताच्या कडेला उभ्या राहून बघत होत्या. नवरा पलटणीत असताना तो ऊस त्यांनी स्वतः जोपासला होता. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत त्यांनी नवऱ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, आणि ओढ्याला त्या ‘माझी सवत’ म्हणायला लागल्या. ‘‘जेवायला थांबा भावजी, त्ये काय लवकर यायचे न्हाईत. सवतीकडं गेल्यात,’’ असं त्या मला कितीदा तरी म्हणाल्या असतील. पुढं त्यातला राग गेला, शब्द तसाच राहिला. आणि पायगोंडाअण्णांनी त्या साली नातीच्या लग्नाचं पहिलं आवतण सर्जेरावच्या घरी धाडलं.

मग गावानं त्याला सरपंच केलं. ज्यानं स्वतःच्या घरापासून सुरुवात केली त्याला कुणाला बोलायची चोरी नव्हती. पण ओढ्याची जागा सगळ्यांनाच हवी होती. कुणाला गोठा वाढवायचा होता, कुणाला संडासची टाकी घालायची होती, कुणी उसाच्या ट्रॉल्या जाव्यात म्हणून ओढ्यात सिमेंटच्या नळ्या टाकून वर माती लोटायचा आणि पावसाळ्याआधी काढतो म्हणून शपथा घ्यायचा. नाही म्हटलं की माणूस रुसायचा, तालुक्याला जाऊन कुणाची तरी चिठ्ठी आणायचा. सर्जेराव त्याला कंटाळला. एक दिवस मला म्हणाला, ‘‘गड्या, न्हाई म्हनायचं काम माझं न्हवं. ओढा म्हनंल.’’

त्यातून निघाला तो खुंटीचा ठराव. ग्रामसभेत हात वर करून मंजूर झालेला. ज्याला ओढ्यात किंवा काठावर काही बांधायचं असेल, भर घालायची असेल, पाणी वळवायचं असेल, त्यानं आधी त्या जागेवर स्वतःच्या हातानं खुंटी ठोकायची. मिरगाला रोवायची आणि दसऱ्याला बघायची. खुंटीला गवत, चिंध्या, कचरा अडकलेला दिसला की समजायचं, पाणी तिथवर येऊन गेलं. खुंटीच नसली तर बोलायलाच नको. आणि खुंटी कोरडी राहिली तर सरपंचानं तिथंच आपट्याचं सोनं देऊन परवानगी जाहीर करायची. खुंट्या बाभळीच्या, सर्जेराव त्या स्वतः तासायचा, डोकं चुन्यात बुडवायचा आणि सोप्याच्या कोपऱ्यात उभ्या करून ठेवायचा. कुणीही यावं, चहा प्यावा, खुंटी घेऊन जावी. त्यानं कुणाला परत पाठवलं नाही. सरकारी कचेरीतले लोक या ठरावाला हसले. पण कायद्यातही ओढ्यानाल्यात बांधू नका असंच लिहिलंय. ते वाचून कुणी थांबल्याचं मी तरी माझ्या धंद्यात पाहिलेलं नाही. खुंटी वाहून गेलेला माणूस मात्र भांडायला येत नसे. भांडणार कुणाशी?

भांडलो तो मीच. गावात ओढ्याच्या वळणावर माझ्या वाटणीचा एक तुकडा आहे. तिथं मंगल कार्यालय काढायचं माझ्या डोक्यात होतं. ठरावाप्रमाणे मी मलकापूरहून येऊन माझ्या हातानं खुंटी ठोकली, सर्जेराव शेजारी उभा राहून माझ्या हातोडीला नावं ठेवत होता. त्या साली पावसानं दडी मारली. ओढ्याला घोटाभर पाणी आलं नाही. दसऱ्याला बघितलं तर एकूण एक खुंटी कोरडी ठणठणीत. मी खिशात आपट्याची पानं घेऊनच गेलो होतो. सर्जेराव सगळ्या खुंट्या बघून आला, काठावरच्या म्हसोबाच्या देवळाच्या पायरीवर बसला, आणि म्हणाला, की ज्या साली पाणी या पायरीला लागत नाही ते साल धरायचं नाही. सगळ्यांनी परत मिरगाला खुंट्या रोवायच्या.

गाव खवळलं. खेळ सुरू असताना नियम बदलायचे नसतात, हे मी त्याला चारचौघांत सुनावलं आणि आजही माझं मत तेच आहे. तो फौजी माणूस, त्यानं ते आधी ठरावात लिहायला हवं होतं. पुढच्या निवडणुकीत तो पडला, ठराव तेवढा टिकला आणि खुंट्याही तोच तासत राहिला. आमचं बोलणंही थांबलं. मग एका श्रावणात वरच्या डोंगराला असा पाऊस झाला, की म्हसोबा आत आणि ओढा बाहेर अशी अवस्था झाली. पाणी ओसरल्यावर मी माझा तुकडा बघायला गेलो. जिथं लग्नाचा हॉल व्हायचा तिथं चिखलात कुणाची तरी अख्खी वैरणीची गंज येऊन बसली होती. सर्जेराव पलीकडून आला. मला वाटलं, आता बोलणार, आता टोमणा मारणार. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. तो म्हणाला, चल, चहा घिऊ. एवढंच. त्याच्या त्या न बोलण्याचाच मला जास्त राग आला, आणि मी त्याच्या मागोमाग सोप्यात जाऊन चहा प्यायलो.

तो सगळीकडं जिंकला असंही नाही. त्याची मुलगी सांगलीत दिली आहे. जावयानं शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला आम्ही दोघंही गेलो होतो. सर्जेरावनं आल्या आल्या ठरलेला प्रश्न टाकला. जावयानं कौतुकानं त्याला नळ, टाकी, मोरी सगळं दाखवलं. हा मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला. तिथं कधीकाळी नाला होता, हे जमिनीच्या उतारावरून शेंबडं पोरही सांगेल. आता तिथं भर घालून घरांची रांग उभी होती. सर्जेराव जेवला नाही. लेकीला म्हणाला, पोटात दुखतंय. पुढं सांगलीत पाणी वाढलं तेव्हा त्यांच्या घरात ते नदीच्या बाजूनं आलंच नाही, मागच्या बाजूनं आलं. तेव्हा यानंच ट्रॅक्टर नेऊन लेकीला, नातवंडांना आणि जावयाला गावी आणलं. महिनाभर ठेवून घेतलं, पण त्या प्रश्नाची आठवण जावयाला एकदाही करून दिली नाही.

तर असा हा माणूस. त्याला तिसऱ्या दिवशी सावडलं. मुलगा पलटणीतून विमानानं पुण्यापर्यंत आणि पुढं मिळेल त्या गाडीनं वेळेवर पोहोचला होता. सकाळी ओढ्याकाठी, त्याच्या मळ्याच्या वळणावर, जिथं त्यानं बापाचा बांध फोडला होता तिथं सगळं गाव जमलं. मला अजूनही हे दुसऱ्या कुणाचं तरी चाललंय असंच वाटत होतं. मी दोनदा मागं वळून बघितलं, की हा अजून कसा आला नाही. आमच्याकडं रक्षाविसर्जनानंतर चार माणसं उभी राहून बोलतात. दोघं-तिघं बोलले. मग आत्ताचा सरपंच अमोल उठला. चांगला पोरगा आहे, सर्जेरावनंच त्याला पुढं आणलं, सर्जेरावला तो तात्या म्हणायचा. तात्यांनी आपली जमीन ज्या ओढ्याला दिली, त्या ओढ्यातच तात्यांचं नाव राहिलं पाहिजे, म्हणाला. इथं, या वळणावर, सिमेंटच्या पायऱ्यांचा घाट आणि वर दशक्रियेची शेड. सुभेदार सर्जेराव घाट. ग्रामपंचायत करणार, आणि बांधायला दुसरं कुणी नको, तात्यांचे दोस्त आहेत, काकाच बांधतील. काका म्हणजे मी.

ओढ्याच्या पात्रात, बरोबर पाण्याच्या वाटेत, सर्जेरावच्या नावानं सिमेंट! आणि गाव माना डोलावत होतं. बायका डोळ्याला पदर लावत होत्या. कुणाच्या मनात काही वाईट असतं तर मी ताडकन उठून बोललो असतो. इथं सगळी मायाच होती, तिच्याशी काय भांडणार... आणि खरं सांगायचं तर माझेही हात शिवशिवत होते. पायऱ्या कुठून घ्यायच्या, खांब किती जाड, नावाची पाटी कुठं, हे सगळं डोळ्यांपुढं आपोआप उभं राहिलं. आयुष्यभर मी त्याच्यासाठी काही बांधू शकलो नव्हतो. माझा दोस्त गेला होता आणि त्याच्या नावाचं काहीतरी पक्कं, हात लावता येईल असं उभं राहावं, असं मलाही फार वाटत होतं.

तेवढ्यात बायकांतून मालनवहिनी उठल्या. तिसऱ्या दिवशी, ओल्या डोळ्यांनी, नवऱ्याची राख सावडून बाजूला झालेली बाई चारशे माणसांत बोलायला उठते, हे आमच्या गावानं कधी बघितलं नव्हतं. पुढारी मंडळी गडबडली. कुणीतरी त्यांना बसवायला पुढं झालं. त्या अमोलकडं बघत म्हणाल्या, ‘‘अमोल, घाट बांध. माझी ना न्हाई. पर आदी खुंटी रव.’’

अमोलला कळेचना. ‘‘काकी, तात्यांच्याच नावाचा हाय की घाट.’’

‘‘म्हनूनच,’’ वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी मुलाला घरी पिटाळलं. सोप्याच्या कोपऱ्यात ती एकच खुंटी पुरी झालेली होती, जायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं तासून ठेवलेली. बाकीच्या काठ्या अर्धवट होत्या. चुना लावायचाही राहिला होता. मुलानं ती आणली, अमोलच्या हातात दिली, आणि ठरावाप्रमाणं अर्जदारानं ती स्वतःच्या हातानं ठोकली. पोरगा ठोकताना रडत होता, दगड हातातून दोनदा निसटला. परत निघताना वहिनी माझ्याजवळ थांबल्या. म्हणाल्या, ‘‘ऱ्हायली तर चांगला बांधा भावजी. मलाबी हवाय त्यो घाट.’’

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मिरगात पाऊस बेताचाच झाला. आषाढातही नुसती भुरभूर. अमोलचा फोन यायचा, काका, खुंटी कोरडी हाय. मी घाटाचा नकाशा काढून ठेवला. चांगला निघाला होता. ज्या माणसानं पावसाचं साल धरायचं की नाही यावरून माझ्याशी वैर घेतलं, त्याच्याच नावासाठी मी पावसानं जरा कमी पडावं म्हणून मनात म्हणत होतो. वरच्या देवानं हे ऐकलं असेल तर सर्जेराव शेजारी बसून हसत असणार. मळ्यात गेलो की आधी वळणावर जाऊन यायचो. तासलेल्या बाभळीचा तो पांढरट रंग जाऊन आता ती करडी व्हायला लागली होती. हात लावून बघायचो. पक्की होती.

मग एका सकाळी मलकापूरला मी साइटवर निघत असताना फोन वाजला. पडद्यावर ‘सुभेदार’. क्षणभर, खरंच क्षणभर मला वाटलं, की मधलं सगळं खोटं होतं. फोन उचलला आणि या वेळी मी काहीच बोललो नाही. ‘‘भावजी,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘खुंटी गेली.’’ मी कुठं म्हणून विचारलं नाही.

दुपारी पोहोचलो तेव्हा पाऊस थांबला होता पण ओढा ऐकत नव्हता. वळणावर तांबडं पाणी असं रुंद पसरून चाललं होतं, की घाटाची वरची पायरीसुद्धा बुडाली असती आणि अडलेलं पाणी पलीकडं पायगोंडाअण्णांच्या शेतात शिरलं असतं. अण्णा आता नाहीत. त्यांचा नातू पलीकडच्या काठावर उभा होता, त्याच्या मागं विहिरीचा नवा कठडा दिसत होता, शाबूत. अमोल माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. पाण्याला जागा होती आणि ते आपल्या जागेतून चाललं होतं.

घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. सोप्याच्या कोपऱ्यात त्या अर्धवट काठ्या तशाच भिंतीला टेकून उभ्या होत्या, कोयताही तिथंच, आणि भिंतीवर इतक्या वर्षांच्या खुंट्यांच्या डोक्यांचे चुन्याचे डाग. वहिनींचं तोंड उतरलेलं होतं. त्यांना तो घाट खरोखरच हवा होता, हे मला तेव्हा कळलं. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी म्हणालो, की पुढच्या मिरगाला जरा वरच्या अंगाला रोवून बघू, तिथं पाणी कदाचित यायचं नाही, मी जागा शोधतो. वहिनींनी चहा गाळून कप माझ्यापुढं ठेवला.

‘‘नको भावजी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्ये जल्मात कुणाला तोंडानं न्हाई म्हनले न्हाईत. आज म्हनले.’’

मी चहा संपवला. पुढच्या मिरगाला कुणी ना कुणी खुंटी मागायला येणारच होतं. मी कोपऱ्यातली एक अर्धवट काठी उचलली, कोयता घेतला आणि तिथंच उंबऱ्यावर बसलो. पहिलाच घाव वाकडा बसला.